मिस्सेला सेवा, लग्नाला सुपारी

कोकण किनाऱ्यावरच्या कुठल्याही चर्चच्या ऑफिसात जाऊन विचारा, 'लग्नाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कीबोर्ड वाजवणारा कुणी आहे का?' लगेच एक मोबाईल नंबर मिळतो. फोन लावला की समोरचा आधी तारीख विचारतो, मग आकडा सांगतो, मग किती विसार पाठवायचा तेही सांगतो. त्याच चर्चचे फादर मात्र रविवारी पहाटेच्या मिस्सेला वाजवायला माणूस मिळत नाही म्हणून हैराण असतात. गंमत म्हणजे बऱ्याचदा माणूस एकच असतो. लग्नाला त्याने पैसे मागितले तर कुणाला वावगं वाटत नाही, रविवारी मागितले तर 'देवाच्या कामाचे पैसे घेतो' अशी कुजबुज होते. आणि मयताला काय द्यायचं, हे तर कुठेच ठरलेलं नाही. हे लोभाचं किंवा भक्तीचं प्रकरण नाही. थोडं मागे गेलं की त्याच्या मुळाशी जमीन सापडते.

गावात वाजवणाऱ्याला रोख पैसे मोजण्याची पद्धत पूर्वी फारशी नव्हतीच. दक्षिण कोकणात देवळातली पूजाअर्चा गुरवाकडे, सनई घडशाकडे. त्याबदल्यात देवस्थानाची ईनाम जमीन, किंवा सुगीला खळ्यावरचा भाताचा वाटा. पालखी, जत्रा, रोजची नौबत सगळं त्या जमिनीत जमा. कुणाच्या घरी लग्न निघालं तर वर शिधा, नारळ, कापड, पानसुपारी. म्हणजे देवाचं वाजवणं वर्षभराच्या बांधिलकीतलं आणि माणसाचं वाजवणं त्या त्या प्रसंगापुरतं, ही वाटणी चर्चच्या आधीपासूनच गावाच्या अंगवळणी पडलेली होती.

गोवा १५१० मध्ये पोर्तुगिजांकडे गेला. १५४१ मध्ये तिसवाडी बेटातल्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्च आणि चॅपेलांकडे वळवण्यात आलं. गावकऱ्यांनी ते राजीखुशीने दिलं असं कागदोपत्री लिहिलेलं आहे. पडलेल्या देवळांसमोर उभ्या असलेल्या माणसांची राजीखुशी किती असेल, ते वाचणाऱ्याने ठरवावं. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच की ज्या जमिनीवर देवळातले वाजवणारे जगत होते, तिच्याच उत्पन्नातून पुढे चर्चचा खर्च चालू लागला. देव बदलला, वाद्यं बदलली, पण गावाने सामाईक उत्पन्नातून पूजेचं संगीत सांभाळायचं, ही रीत तशीच राहिली. गावकऱ्यांच्या सामाईक जमिनींचा कारभार पाहणाऱ्या कोमुनिदादी चर्चच्या देखभालीला आणि सणांना हातभार लावत आल्या.

या व्यवस्थेतला मधला माणूस म्हणजे मेस्त. चर्चला लागून शाळा असे. तिथे तो मुलांना धर्मशिक्षण देई, अक्षरं गिरवून घेई आणि त्याबरोबर 'दो-रे-मी'ची स्वरलिपी व व्हायोलिन शिकवी. मिस्सेला गाणाऱ्यांची बाजू तोच सांभाळी, लॅटिन स्तोत्रं पाठ करून घेई, सणाला शेजारच्या गावातून जादा वादक बोलावी. पगार तुटपुंजा, पण मान मोठा आणि गावात त्याच्याशिवाय पान हलत नसे. मेस्ताची सगळ्यात मोठी देणगी म्हणजे शिकणारी पोरं. भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, मुलगा आणि त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराचा मुलगा एकाच बाकावर बसून स्वरलिपी वाचायला शिकले. फी भरून शिकावं लागलं असतं तर त्यातल्या किती जणांच्या हाती व्हायोलिन आलं असतं, हा प्रश्नच आहे.

सणाच्या खर्चाची वेगळी सोय होती. त्या वर्षीचा प्रेसिदेंत, म्हणजे सणाचा यजमान, वाजवणाऱ्यांचा खर्च उचले. अर्थात मिरवण्याचीही संधी त्यालाच. मयताची सोय कोंफ्रारियात. या धर्मबंधुसंघाचा सभासद वारला की झगे घातलेले सभासद मेणबत्त्या घेऊन अंत्ययात्रेत चालत, आणि कुणाला किती मान मिळायचा ते सभासदत्वावर ठरलेलं असे. जातीपातीचा हिशेब त्यात उघडपणे होता, हेही सांगायला हवं. पण दुःखाच्या घरात पैशांचा विषय निघत नसे, कारण तो आयुष्यभर वर्गणी भरून आधीच मिटवलेला असे.

लग्नाच्या संगीताची कथा मात्र वेगळी आहे. ते चर्चच्या हिशेबात कधी पुरतं आलंच नाही. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून ख्रिस्ती घरांतल्या लग्नाच्या कितीतरी जुन्या रीतींवर बंदी घातली. हळद लावणं, बायकांनी ओव्या म्हणणं, हिंदू पद्धतीची वाजंत्री हे सगळं त्यात होतं. बंदी आली तशी ती मोडलीही गेली. घुमट तर टिकलाच. मातीच्या मडक्याच्या तोंडावर घोरपडीचं कातडं ताणलेलं हे वाद्य ख्रिस्ती मांडवात वाजलं तसंच गणपतीच्या आरतीतही वाजलं. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याचं कातडं आलं, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. घुमट वाजवणारा मात्र दर्जावर जगत नाही, मांडवातल्या बिदागीवर जगतो.

उत्तरेला वसईत वेगळं घडलं. १५३४ पासून तिथे पोर्तुगीज होते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळापर्यंत आणि भीमाशंकरापर्यंत पोचल्या, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घंटांमागे राहिलेल्या गाणाऱ्यांचं काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही. युरोपीय संन्यस्त मंडळी निघून गेली आणि धर्मग्रामांचा, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांचा, भार गोव्याकडच्या देशी धर्मगुरूंवर आला. गोव्यासारखी कोमुनिदादींची मिळकत इथे पाठीशी नव्हती. त्यामुळे वसईत संगीताचा भार वाडीवर, कुळांवर आणि बायकांच्या गळ्यावर राहिला. सामवेदी आणि वाडवळ या समाजांच्या ख्रिस्ती घरांतली लग्नाची गाणी टिकली ती त्यामुळेच. त्यांना कुणी मानधन दिलं नाही आणि कुणी बंदही पाडू शकलं नाही.

प्रॉटेस्टंट मंडळींनी हा प्रश्न निराळ्याच वाटेने सोडवला. रत्नागिरी आणि वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होतं. पण मराठी उपासनेचा सूर बदलला तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेल्या नारायण वामन टिळकांमुळे (१८६१–१९१९). त्यांनी भजन-कीर्तन उपासनेत आणलं. टाळ, पेटी आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं भजन असलं की बाहेरून वादक आणायची गरज उरत नाही. खर्चाच्या दृष्टीने पाहिलं तर इतकी स्वस्त आणि टिकाऊ योजना दुसरी नाही.

आज बँड चर्चच्या दाराबाहेर का थांबतो, याचंही कारण आहे. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीतकारांची आश्रयदाती मानल्या गेलेल्या संत सेसिलियाच्या सणाच्या दिवशी, पोप दहावे पायस यांनी आदेश काढला. चर्चमध्ये पियानो, ढोल, झांजा चालणार नाहीत. बँडला आत मज्जाव. बाहेरच्या मिरवणुकीत मात्र बिशपांची परवानगी असेल तर बँड चालेल. या एका आदेशाने व्हायोलिन आणि पायपेटी आत राहिली, तर क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम अंगणात. आतल्याची सेवा झाली, बाहेरच्याची सुपारी.

तोवर चांगले वादक गावात थांबेनासे झाले होते. पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, मुंबईची हॉटेलं, मूकपटांची थिएटरं, सगळीकडे स्वरलिपी वाचणारा माणूस हवा होता आणि तो मेस्ताच्या शाळेत तयार होत होता. १९३१ मध्ये बोलपट आला. थिएटरातलं वाजवणं संपलं, पण चित्रपटाच्या वाद्यवृंदात जागा झाली. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे चर्चच्या गायकवृंदाच्या प्रमुखाचे चिरंजीव. पुढे संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. शिफ्टवर पैसे मोजणारी मुंबई आणि तुटपुंज्या पगाराचं गाव, यात निवड काय होणार? गावाच्या वाट्याला हे वादक यायचे ते नाताळात आणि मे महिन्यात, सुट्टीला. तेव्हा ते मिस्सेला हौसेने वाजवत, आणि पैसे घेत नसत. माझ्या मते, चांगला वादक चर्चला फुकट मिळतो हा समज या सुट्टीतल्या पाहुण्यांनीच घट्ट केला.

त्यानंतर दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. ४ डिसेंबर १९६३ रोजी कॅथलिक धर्माधिकाऱ्यांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीचा दस्तऐवज मंजूर केला आणि मिस्सेला लोकांची भाषा आली. वसईत मराठी, गोव्यात कोंकणी. लॅटिन जाणणाऱ्या मेस्ताची गरज सरली. गिटार, पेटी, तबला घेऊन तरुण मुलं-मुली पुढे झाली. मुली हे मुद्दाम लिहितो, कारण १९०३ च्या आदेशाने बायकांना गायकवृंदातून वगळलं होतं. हे सगळं स्वागतार्हच होतं. पण नवी गायनमंडळं हौशी होती, आणि चर्चच्या वहीतून संगीताच्या पगाराची ओळच पुसली गेली. इकडे १९६१ नंतर गोव्यात कोमुनिदादींचं जुनं स्थान गेलं, आणि कूळ कायद्यांमुळे जमिनी कसणाऱ्यांच्या झाल्या. कसणाऱ्याला न्याय मिळाला हे उत्तमच झालं. संगीताच्या पाठीशी असलेली जमीन मात्र गेली, आणि तिच्या जागी दुसरी तजवीज कुणी केली नाही.

लग्नाचा बाजार याच काळात वाढला. वसईत नवरदेवाच्या दारातून चर्चपर्यंत ब्रास बँड, संध्याकाळी हॉलमध्ये ऑर्केस्ट्रा. मग कीबोर्डमध्ये तालाची बटणं आली आणि पाच जणांचं काम एक जण करू लागला. मग डीजे आला. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आल्यावर मांडवाचे तासही आखडले.

बाहेरच्या माणसाच्या लक्षात न येणारी एक अडचण पंचांगाची. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात कॅथलिक लग्नं सहसा होत नाहीत, आणि मिस्सेतही वाद्यं फक्त गाण्याला आधार देण्यापुरती वाजवावीत असा नियम आहे. पावसाळ्यात तर मांडवच नाही. त्यामुळे वादकाची कमाई जानेवारी, ईस्टरनंतरचे दोन महिने आणि नोव्हेंबर-डिसेंबर एवढ्यात गोळा होते. सिझनमध्ये त्याने आकडा चढवला की लोक नाक मुरडतात, पण बाकीचे महिने तो काय करतो हे विचारत नाहीत. कुणी शाळेत शिकवतो, कुणी रिक्षा चालवतो. २०२० मध्ये लग्नाला पन्नास आणि अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा आली, तेव्हा वाजवणाऱ्याला त्या आकड्यात जागाच उरली नाही. कितीतरी साजांना तेव्हा गंज चढला.

मयताचा फोन सकाळी सहाला येतो. माती संध्याकाळी चारला. कामावर रजा टाकायची, क्लॅरिनेटवाल्याला दुसऱ्या गावातून उचलायचं, घरापासून चर्चपर्यंत आणि चर्चपासून कबरस्तानापर्यंत संथ चालीत वाजवत जायचं. फोनवर आकडा विचारणं बरं दिसत नाही, सांगणंही बरं दिसत नाही. सगळं आटोपल्यावर घरचा एखादा जावई किंवा पुतण्या बाजूला घेऊन खिशात पाकीट सरकवतो. कधी पाकिटात पेट्रोलचे पैसेही नसतात, कधी अपेक्षेच्या दुप्पट असतात. कोंफ्रारियाच्या वर्गणीने जी गोष्ट आधीच मिटलेली असायची, ती अशी जावयाच्या अंदाजावर येऊन पडली आहे.

कायद्याने इथे मदत केली ती फक्त गाण्यांपुरती. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत गाणं वाजवलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली परवाना लागत नाही. वाजवणाऱ्याच्या मोबदल्याबद्दल तो कायदा काही सांगत नाही. ते ठरवायचं धर्मग्रामाने, आणि सोपी सुरुवात म्हणजे चर्चच्या ऑफिसातल्या फळ्यावर लग्न, मयत आणि रविवारची मिस्सा असे तीन दर लिहिणं, त्यात रविवारच्या दरासमोर शून्य न मांडणं.