वील्डन घर

इंग्लंडच्या आग्नेय भागात, मुख्यतः केंट व ससेक्स परगण्यांत, साधारणपणे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बांधल्या गेलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांचा एक प्रकार. वील्ड या जुन्या जंगलपट्ट्यावरून नाव पडले असले, तरी अशी घरे वील्डच्या हद्दीबाहेर आणि थेट कॉव्हेंट्रीसारख्या मध्य इंग्लंडमधील शहरातही आढळतात. ग्रामीण भागात ती बहुधा सधन शेतकऱ्यांची (येओमन) होती. सरदारांची नव्हेत आणि भूमिहीनांचीही नव्हेत.

रचना : घर सामान्यतः चार खणांचे. मधल्या दोन खणांचा हॉल जमिनीपासून छपरापर्यंत मोकळा असतो. दोन्ही टोकांचे खण दुमजली असून त्यांची माडी दर्शनी बाजूला सुमारे ४५ ते ६० सेंमी. पुढे काढलेली असते. या सर्वांवर एकच सलग छप्पर असल्यामुळे हॉलची दर्शनी भिंत आत राहते आणि तिच्यापुढे छपराची कड अधांतरी येते. ही कड पेलणारी तुळई एका टोकाच्या माडीपासून दुसऱ्या टोकाच्या माडीपर्यंत जाते व तिला दोन्हीकडून कमानदार तिरकस आधार दिलेले असतात. वील्डन घराची ओळख या तुळईवरून पटते. केवळ पुढे आलेली माडी ही खूण पुरेशी नाही, कारण ती इतर अनेक प्रकारांत असते.

हॉलच्या खालच्या, म्हणजे कमी मानाच्या, अंगाला समोरासमोरच्या दोन दारांमधून आडवी वाट जाते. तिच्या पलीकडे दोन कोठ्या, एक पेयांची व एक पाव-धान्याची. वरच्या, म्हणजे मानाच्या, अंगाला यजमानाचे बाक, त्यामागे बैठकीची खोली व तिच्यावर शयनगृह. हॉलच्या उंच खिडक्यांना काच नसे. चौकोनी लाकडी गज कोन पुढे करून बसवत आणि थंडीवाऱ्यासाठी झडपा लावत. चूल हॉलच्या जमिनीवर उघडीच असे. धुराडे नव्हते. धूर छपरात साठून खिडक्यांतून आणि आढ्याच्या टोकांशी ठेवलेल्या लहान त्रिकोणी झरोक्यांतून बाहेर पडे.

सांगाडा : ओक तोडल्यावर बहुधा वर्ष-दोन वर्षांत, ओला असतानाच वापरत, कारण वाळलेला ओक हत्याराला फार कठीण जातो. सुटे भाग सुताराच्या आवारात जमिनीवर जुळवून, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांची खूण करून मग जागेवर उभारत. चारसाठी बहुधा चार उभ्या रेघा असत. कुसाला (खाचेत बसणाऱ्या लाकडी जिभेला) पाडलेले भोक खाचेच्या लाकडातील भोकापेक्षा किंचित सरकवून ठेवत; खुंटी ठोकली की सांधा आपोआप घट्ट ओढला जाई. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आक्रसते, म्हणून ही ओढ न दिलेला सांधा काही वर्षांत सैल पडतो.

सर्वांत गुंतागुंतीचा सांधा खांबाच्या माथ्याशी असतो. खांबाचा माथा मुद्दाम रुंद ठेवून त्यावर दोन कुसे कोरतात : एक भिंतीच्या माथ्यावरील तुळईसाठी, दुसरे आडव्या बंधन-तुळईसाठी. बंधन-तुळई शिवाय माथ्याच्या तुळईवर मोराच्या शेपटीच्या आकाराच्या खाचेत बसते, त्यामुळे छपराच्या रेट्याने भिंती बाहेर ढकलल्या जात नाहीत. हॉलच्या मध्यावरील बंधन-तुळईवर एक आखूड खांब (क्राउन पोस्ट) उभा करून त्यावर घराच्या लांबीत धावणारी कडी टेकवतात. वाशांच्या जोड्यांना बांधणाऱ्या आडव्या पट्ट्या या कडीवर बसतात. हॉलमध्ये दिसणारा हा खांब अनेकदा अष्टकोनी व कोरीव असतो. माडीचे वासे रुंद बाजू आडवी ठेवून घातलेले असतात. आजच्या हिशेबाने ही मांडणी कमजोर. नंतरच्या काळात वासे उभे घालण्याची रीत आली.

भिंती कुडाच्या : ओकच्या फाट्यांवर हेझलच्या काटक्या किंवा चिरलेल्या पट्ट्या विणून त्यावर चिकणमाती, चिरलेला पेंढा व शेण यांचा गिलावा, वर चुना.

कालनिर्णय : दर्शनी भागावरून काळ ठरवणे धोक्याचे आहे. विश्वसनीय पुरावा आढ्यापाशी सापडतो. जुन्या वाशांवर काजळीचा थर असेल, तर हॉल एकेकाळी उघडा होता हे जवळजवळ निश्चित. वृक्षवलयांवरून वर्ष काढता येते, पण दोन अडचणी असतात. बाहेरची मऊ लाकडाची वलये कापून टाकलेली असली, तर तोडीचे नेमके वर्ष मिळत नाही. या भागातील ओकला अशी वलये सुमारे ९ ते ४१ असतात, म्हणून तोडीचा पल्लाच सांगावा लागतो. शिवाय वील्डमधील ओक झपाट्याने वाढलेला, त्यामुळे एका तुळईत पुरेशी वलयेच नसतात. अलीकडे वलयांतील ऑक्सिजन समस्थानिकांच्या प्रमाणावरून अशा आखूड क्रमांचाही काळ लावता येऊ लागला आहे.

एकसंध दिसणारे घरही एकाच वेळचे असेल असे नाही. केंटमधील चिडिंगस्टन येथील बेलीफ फार्महाऊसचा हॉल व खालचे टोक साधारण १४०५–३० मधले, तर वरचे टोक सुमारे १५०५–१० मधले मानले जाते. बो बीच जलाशयाच्या कामामुळे हे घर १९६८-६९ मध्ये उतरवून पुढे वेस्ट ससेक्समधील सिंगल्टन येथील संग्रहालयात पुन्हा उभारण्यात आले.

उगम : हा वादाचा विषय आहे. एका मतानुसार हॉल आणि त्याला दोन्ही टोकांशी काटकोनात जोडलेल्या, स्वतंत्र छपरांच्या दोन इमारती ही आधीची रचना एका छपराखाली आणल्याने हा प्रकार निर्माण झाला. तीन छपरांच्या मधल्या पन्हळी गळतात व त्याखालचे लाकूड कुजते. सलग छपराने ती कटकट संपते, हे या मताचे व्यावहारिक बळ. दुसरे मत उगम शहरात शोधते. विंचेस्टर व बॅटल येथील रांगेतील नमुने त्याला आधार देतात, आणि काही नागरी उदाहरणे ग्रामीण उदाहरणांइतकीच किंवा त्यांहून जुनी असावीत. तरीही शहरांत एकाच टोकाची माडी पुढे काढलेले अर्धे नमुने वरचेवर भेटतात, हे पाहता अरुंद जागेसाठी ग्रामीण आराखडा आखूड केल्याची शक्यता अधिक वाटते. प्रसार केंटमध्येच इतका दाट का, याचे कारण १३४८-४९ च्या प्लेगच्या महामारीनंतर माणशी वाढलेल्या जमिनी व मजुरी आणि तेथील मोकळी (सरंजामी बंधने कमी असलेली) भूधारणा यांत बहुतेक अभ्यासक पाहतात. मुलांमध्ये जमिनीची समान वाटणी करणाऱ्या केंटच्या वारसापद्धतीचा परिणाम मात्र नेमका कोणत्या दिशेने झाला, यावर एकमत नाही.

रूपांतर : सोळाव्या शतकात हॉलमध्ये मजला घालून विटांचे धुराडे उभारले जाऊ लागले. १५७७ मध्ये इंग्रज लेखक विल्यम हॅरिसनने वृद्ध गावकऱ्यांना आठवणारा मोठा बदल म्हणून धुराड्यांच्या वाढत्या संख्येचा उल्लेख केला आहे. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये १५७०–१६४० हा ग्रामीण पुनर्बांधणीचा काळ मानला; आर. मेचिन यांनी १९७७ मध्ये त्या कालमर्यादेवर आक्षेप घेतले, आणि आग्नेय भागातील पुरावा पाहता ते रास्त वाटतात.

दुरुस्ती : ससेक्समधील ऑल्फ्रिस्टन येथील क्लर्जी हाऊस हे वील्डन घर १८९६ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने १० पौंडांना घेतले; ही त्या संस्थेने विकत घेतलेली पहिली इमारत. अशा घरांत प्रथम कुजते ती जोत्यावरची तळतुळई, कारण बाहेरची जमीन शतकानुशतके चढत जाते. सिमेंटच्या गिलाव्याने ओल आत कोंडते, म्हणून चुन्याचा गिलावाच वापरतात. लोखंडी खिळे ओकमधील टॅनिक आम्लाने गंजतात. वाळूच्या फवाऱ्याने लाकूड स्वच्छ केले, तर काजळी, सुतारखुणा व हत्यारांचे व्रण, म्हणजे काळ लावण्याचा निम्मा पुरावा, एकाच दिवसात नष्ट होतो.