साताऱ्याचा २०२४चा निकाल: पिपाणीच्या आधीची गोष्ट

४ जून २०२४ला महाराष्ट्राचं चित्र स्पष्ट झालं तेव्हा महाविकास आघाडीकडे ४८पैकी ३० जागा होत्या, महायुतीकडे १७, आणि आमच्या शेजारच्या सांगलीत अपक्ष विशाल पाटील निवडून आले होते. देशात भाजप २४०वर थांबला होता. शरद पवारांच्या पक्षाने १० जागा लढवून ८ जिंकल्या. हरलेल्या दोन जागांपैकी एक रावेर, दुसरी सातारा.

रावेर भाजपकडेच राहणार, हे बहुतेकांनी मनात धरलेलं होतं. सातारा मात्र जिव्हारी लागला. भाजपच्या उदयनराजे भोसले यांना ५,७१,१३४ मतं, शरद पवारांच्या पक्षाच्या शशिकांत शिंदे यांना ५,३८,३६३. फरक ३२,७७१चा. साताऱ्यातून लोकसभेला कमळ पहिल्यांदा निवडून आलं, तेही राज्यभर वारं उलट दिशेने वाहत असताना. ज्यांना हा निकाल हवा होता त्यांचा आनंद त्यांच्या जागी रास्त आहे. हे टिपण मात्र माझ्यासारख्या निराश झालेल्यांसाठी आहे, कारण आपण या पराभवाचं जे कारण सांगत फिरतो ते मला अपुरं वाटतं.

ते कारण म्हणजे पिपाणी. ६ फेब्रुवारी २०२४ला निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला दिलं. शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळालं आणि २४ फेब्रुवारीला रायगडावर त्याचं अनावरण झालं. साताऱ्यात मतदान ७ मे रोजी. म्हणजे पंचवीस वर्षं मनात बसलेलं घड्याळ पुसून नवं चिन्ह बसवायला अडीच महिनेही नव्हते. त्यातच आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत ट्रम्पेट, म्हणजे आपली पिपाणी, होतं आणि मराठीत त्याचंही नाव ‘तुतारी’ छापलेलं. साताऱ्यात ते एका अपक्षाला मिळालं आणि त्याला ३७,०६२ मतं पडली. दिंडोरीत याच चिन्हावरच्या, भगरे याच आडनावाच्या अपक्षाला लाखाहून जास्त मतं पडली. तिथे पक्षाचे भास्कर भगरे तरीही निवडून आले. साताऱ्यात मताधिक्य पिपाणीच्या मतांपेक्षा कमी भरलं.

यात फसगत झाली नाही असं कुणी म्हणू नये. निकालानंतर कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात नमुना मतपत्रिकेची उरलेली झेरॉक्स मी पाहिली. त्यावरचा माणूस शाईच्या डागाएवढा झाला होता, तोंडाला लावलेली तुतारी तर दिसतच नव्हती. तिथल्या एका आजीला विचारलं तर ठामपणे म्हणाली, “तुतारीलाच दाबलंय की रं. चांगली मोठी हुती, नुसती तुतारी.” नुसती तुतारी म्हणजे काय, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

पण आता आकडे नीट मांडू. पिपाणीची ३७,०६२ मतं एकूण एक, एकही न वगळता, शिंदेंच्या पारड्यात टाकली तरी ते ४,२९१ मतांनीच जिंकले असते. आणि साडेचार वर्षं आधी, ऑक्टोबर २०१९च्या पोटनिवडणुकीत, याच मतदारसंघात, याच उदयनराजेंविरुद्ध राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील ८७,७१७ मतांनी जिंकले होते. तेव्हा पाटलांना मिळाली होती ६,३६,६२०. शिंदेंना त्याहून ९८,२५७ कमी. उदयनराजेंची मतं तेवढ्या काळात वाढली २२,२३१. पिपाणी वजा केली तरी साठ हजारांवर मतं आपल्याकडून गेली, आणि त्यातली फार थोडी समोरच्याकडे गेली असावीत. पोटनिवडणूक विधानसभेसोबत झाली होती, त्यामुळे मतदान जास्त झालं, हे मान्य. पण मतदाराला बूथपर्यंत आणणारी माणसं तेव्हा होती आणि २०२४ला नव्हती, हेही त्यातच आलं. ती कुठे गेली, हे शोधायला बरंच मागे जावं लागतं.

या मतदारसंघाच्या नावाशी आपण यशवंतराव चव्हाणांचं नाव जोडतो, आणि त्यामुळे सातारा जणू कायमचाच काँग्रेसच्या विचाराचा, असं धरून चालतो. १९५७ला तसं नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न पेटलेला होता आणि साताऱ्याने प्रतिसरकारच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना, कम्युनिस्ट उमेदवाराला, लोकसभेत पाठवलं. खुद्द यशवंतराव कराडमधून विधानसभेला जेमतेम निवडून आले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा वाईपासून गडापर्यंतच्या वाटेवर संयुक्त महाराष्ट्र समितीचे लोक निदर्शनाला उभे होते. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच लोकांचा एवढा राग बघणं यशवंतरावांना सोपं गेलं नसेल.

त्या पराभवानंतर काँग्रेसने जे केलं ते मला आजच्या संदर्भात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लोकांना काय हवंय हे दिल्लीला पटवून देण्यात यशवंतरावांचा मोठा वाटा होता. १ मे १९६०ला राज्य झालं, १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या. गावचा हुशार पोरगा पंचायत समितीत जाऊ शकतो, सोसायटीचा चेअरमन होऊ शकतो, कारखान्याचा संचालक होऊ शकतो, अशी शिडीच उभी राहिली. रेठऱ्याचा कृष्णा, मग भुईंजचा, यशवंतनगरचा सह्याद्री, मरळीचा, शेंद्र्याचा अजिंक्यतारा, असे कारखाने नदीकाठाने उभे राहत गेले. १९६२ला किसन वीर साताऱ्याचे खासदार झाले. तेही बेचाळीसच्या चळवळीतलेच. १९६७पासून यशवंतराव. १९७७ला देशभर काँग्रेस कोसळली तरी सातारा त्यांच्यामागे राहिला आणि १९८०च्या इंदिरा लाटेत ते इंदिराजींच्या विरोधातल्या अर्स काँग्रेसकडून उभे राहिले तरीही राहिला. बैलजोडी गेली, गायवासरू आलं, तेही गेलं. चिन्हं बदलत राहिली, पण नवं चिन्ह घरात घेऊन येणारा माणूस ओळखीचा होता. सोसायटीच्या कर्जाला, उसाच्या टोळीला, पोराच्या ॲडमिशनला धावून येणारा तोच.

ही माणसांची साखळी कायम एका पक्षाची राहील असा काही नियम नव्हता. १९९६लाच इशारा मिळाला होता. काँग्रेसचे प्रतापराव भोसले सलग तीन वेळा खासदार होते. त्या वर्षी उदयनराजे अपक्ष उभे राहिले, मतं फुटली आणि शिवसेनेचे हिंदुराव नाईक निंबाळकर निवडून आले. मतविभागणीने सातारा गमावण्याचा तो अनुभव पिपाणीच्या अठ्ठावीस वर्षं आधीचा. पुढे सातारा विधानसभेच्या पोटनिवडणुकीत उदयनराजे भाजपचे आमदार झाले, युतीच्या सरकारात महसूल राज्यमंत्रीही झाले. २०१९ला ते भाजपमध्ये ‘गेले’ असं आपण म्हणतो तेव्हा हे विसरतो.

१९९९ला राष्ट्रवादी स्थापन झाली आणि जिल्हा जवळजवळ आख्खा घड्याळाकडे वळला. लक्ष्मणराव पाटील दोनदा खासदार झाले. २००८च्या पुनर्रचनेत कराड हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ संपला. कराड उत्तर, कराड दक्षिण आणि पाटण साताऱ्याला जोडले, फलटण आणि माण माढ्याला गेले. आजचा सातारा हा खरं तर दोन जुन्या मतदारसंघांचा जोड आहे, आणि कृष्णा-कोयनेच्या काठावरचा मतदार वाई-साताऱ्याच्या मतदारासारखाच विचार करील असं धरणं तेव्हापासूनच चुकीचं होतं.

२०१४ला उदयनराजे घड्याळावर साडेतीन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. मोदी लाटेत! आम्हाला वाटलं, साताऱ्याला लाट शिवतच नाही. पण त्या वेळी समोर तगडा उमेदवार नव्हता. दुसऱ्या क्रमांकावर एक अपक्ष होता, दीड लाखाच्या आसपास मतं घेऊन. पाच वर्षांनी शिवसेनेचे नरेंद्र पाटील उभे राहिले आणि त्यांना साडेचार लाखांवर मतं पडली. मताधिक्य सव्वा लाखाच्या आसपास आलं. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराचं मत जवळजवळ तिप्पट झालं होतं आणि जिंकल्याच्या गुलालात ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. माझ्या मते २०२४चा निकाल मे २०१९च्या त्या आकड्यातच लिहिलेला होता.

मग सप्टेंबर २०१९मध्ये उदयनराजेंनी राजीनामा दिला, १८ ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले, लोकसभेला उमेदवार निवडताना चूक झाल्याचं त्यांनी जाहीर कबूल केलं, आणि तीन दिवसांनी मतदान झालं. त्या सभेबद्दल एवढं लिहून झालंय की मी भर घालणार नाही. फक्त एक नोंदवतो. गादीला मान देणारा सातारा गादीच्या वारसालाही पाडू शकतो, हे त्या निकालाने सिद्ध झालं. त्यामुळे २०२४ला ‘लोकांनी राजांकडे बघून मत दिलं’ हे उत्तरही पुरत नाही. राजे तेच होते.

पावसाने जिंकलेली निवडणूक संघटनेने जिंकल्यासारखी वाटली, हा घोटाळा तिथे झाला. साताऱ्याचे आमदार शिवेंद्रराजे तोवर भाजपमध्ये गेलेले होते, त्यांच्यासोबत अजिंक्यतारा कारखान्याचं क्षेत्र. कृष्णा कारखाना भाजपच्या अतुल भोसलेंच्या घरात, पाटणचा कारखाना महायुतीतल्या शंभूराज देसाईंकडे. जुलै २०२३ला पक्ष फुटला आणि वाईचे मकरंद पाटील, म्हणजे घड्याळाचे पहिले खासदार लक्ष्मणरावांचे चिरंजीव, अजित पवारांसोबत गेले. किसन वीर कारखाना त्यांच्या ताब्यात, जिल्हा मध्यवर्ती बँकेचं अध्यक्षपद त्यांचे बंधू नितीन पाटील यांच्याकडे. मे २०२४ला मतदारसंघातल्या सहा आमदारांपैकी आघाडीकडे उरले होते दोन, कराड उत्तरचे बाळासाहेब पाटील आणि कराड दक्षिणचे पृथ्वीराज चव्हाण.

याच बँकेची नोव्हेंबर २०२१ची निवडणूक आठवून बघा. सहकार पॅनेलमध्ये राष्ट्रवादीचे नेते आणि भाजपचे शिवेंद्रराजे एकत्र. आणि जावळीच्या सोसायटी गटात शशिकांत शिंदे एका मताने पडले, २५ विरुद्ध २४. जावळी म्हणजे त्यांची स्वतःची भूमी, माथाडींचा तालुका; इथल्या घराघरातून माणसं मुंबईच्या बाजारात ओझी वाहायला गेली आणि त्याच चळवळीतून हा माणूस वर आला. त्या ४९ मतदारांमध्ये बहुमत कुणाचं हे ज्या पक्षाला जुळवता आलं नाही, त्याने अडीच वर्षांनी त्यांनाच लोकसभेला उभं केलं. शिंदे एप्रिलमध्ये उमेदवार ठरले, जीव तोडून लढले, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ते लढले ते जवळजवळ एकट्याच्या बळावर, शरद पवारांच्या सभा आणि लोकांच्या मनातली सहानुभूती घेऊन. सातारा विधानसभा मतदारसंघाने उदयनराजेंना जी मोठी आघाडी दिली ती फोडायला तिथे आपला कारखाना नव्हता, बँक नव्हती, आमदारही नव्हता.

सांगलीचा निकाल यासोबत ठेवून पाहावा असा आहे. विशाल पाटलांना काँग्रेसचा हात मिळाला नाही, अपक्ष म्हणून लिफाफा मिळाला, तोही मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरले असताना. ते लाखभर मतांनी जिंकले. त्यांच्यासमोर लिफाफ्यासारखं दिसणारं दुसरं चिन्ह नव्हतं, हे खरंच. पण वसंतदादांच्या नावाचं घर, तिथली काँग्रेसची आणि इतर पक्षांचीही आतून उभी राहिलेली माणसं, यांनी दोन आठवड्यांत लिफाफा गावागावात पोचवला. साताऱ्यात अडीच महिन्यांत तुतारी आणि पिपाणी यातला फरक कोरेगावच्या त्या आजीपर्यंत पोचला नाही.

निकालानंतर पक्षाने आयोगाकडे तक्रार केली. विधानसभेआधी तुतारी वाजवणाऱ्या माणसाचं चित्र ठळक करायला आयोगाने मान्यता दिली. पिपाणीचं चिन्ह मात्र यादीतून गेलं नाही. आमच्याकडे जून ते नोव्हेंबर चर्चा त्या चिन्हाचीच झाली. साठ हजार मतं कुठे गेली, हे कुणी विचारलं नाही. २३ नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचा निकाल लागला आणि जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीने जिंकल्या. कराड दक्षिणेत माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण ३९,३५५ मतांनी पडले, कराड उत्तरेत बाळासाहेब पाटील चाळीस हजारांहून अधिक मतांनी. एवढ्या फरकाला कुठलीच पिपाणी कारण म्हणून पुरत नाही.

त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, एप्रिल २०२५मध्ये, सह्याद्री कारखान्याची निवडणूक झाली. कार्यक्षेत्रातला मोठा भाग कराड उत्तरचाच, मतदार ऊस घालणारे सभासद. सत्ता समोर, नवे आमदार समोर, लढत तिरंगी. बाळासाहेब पाटलांच्या पॅनेलने २१च्या २१ जागा जिंकल्या.