प्रिन्स एडवर्ड काऊंटी : अंदाजपत्रकाने बंद केलेल्या शाळांची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या दक्षिणेत, व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची एक काऊंटी आहे. १९५९च्या सप्टेंबरात तिथल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलपं लागली आणि काऊंटीने ती पाच वर्षं उघडली नाहीत. पूर आला नव्हता, साथ नव्हती, तिजोरीतही खडखडाट नव्हता. निवडून आलेल्या प्रतिनिधींनी वर्षाच्या अंदाजपत्रकात शाळांसाठी पैसेच धरले नाहीत. नागरी हक्कांचा लढा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चे, पोलिसांची कुत्री आणि पाण्याचे फवारे येतात. इथे मारहाण फारशी झालीच नाही. सगळं रीतसर सभा भरवून, ठराव करून पार पडलं. मला ही गोष्ट जास्त भयंकर वाटते, आणि ती कशी घडू शकली हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

काऊंटी म्हणजे राज्याच्या खालचा स्थानिक कारभाराचा घटक. शेरीफ, न्यायालय, जमिनीचे दस्तऐवज, मालमत्ता कर, शाळा हे सगळं तिच्या भोवती फिरतं. प्रिन्स एडवर्डचं क्षेत्रफळ जेमतेम ९०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढं. अमेलिया काऊंटीतून ती १७५४ साली वेगळी निघाली आणि पुढे राजा झालेल्या तिसऱ्या जॉर्जच्या धाकट्या भावाचं नाव तिला मिळालं. तंबाखू हे मुख्य पीक, आणि ते पिकवणारे हात गुलामांचे. हॅम्पडेन-सिडनी हे इथलं कॉलेज १७७५ सालचं, खुद्द अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याहून जुनं. फार्मव्हिल गावात १८३९ साली मुलींसाठी सुरू झालेल्या शाळेतून आजचं लॉंगवुड विद्यापीठ उभं राहिलं. शिक्षणाची कदर नसलेला हा मुलूख नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवं.

गुलामीच्या काळातलं इथलं एक वेगळं प्रकरण म्हणजे इस्रायल हिल. रिचर्ड रँडॉल्फ नावाच्या जमीनदाराने आपल्या मृत्युपत्रात गुलामांना मोकळं करण्याची आणि त्यांना जमीन देण्याची इच्छा लिहून ठेवली होती. तो १७९६ साली वारला. पण कर्ज आणि कज्जे निस्तरून सुमारे ९० माणसं प्रत्यक्ष मोकळी व्हायला १८१० उजाडलं. फार्मव्हिलजवळ त्यांनी वस्ती केली. कोणी शेती केली, कोणी सुतारकाम, कोणी ॲपोमॅटॉक्स नदीतून तंबाखूच्या नावा हाकल्या. म्हणजे यादवी युद्धाच्या अर्धशतक आधीपासून या काऊंटीत स्वतःच्या जमिनीवर उभे असलेले स्वतंत्र कृष्णवर्णीय होते. ते युद्ध संपलंही याच परिसरात. १८६५च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली माघार घेत फार्मव्हिलवरून गेला, उत्तरेचा सेनापती ग्रँट त्याच्या पाठोपाठ गावात पोचला आणि ७ एप्रिलला तिथूनच त्याने शरणागतीबद्दलचं पहिलं पत्र लीला धाडलं. दोन दिवसांनी शेजारच्या ॲपोमॅटॉक्स कोर्टहाउस या गावी लीने शस्त्रं खाली ठेवली.

युद्धानंतरच्या नव्या राज्यघटनेनुसार १८७०मध्ये व्हर्जिनियात सरकारी शाळा सुरू झाल्या, पण गोऱ्यांच्या वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या. १९०२ साली आणखी एक राज्यघटना आली. तिने मतदानासाठी डोईपट्टी आणि इतर अटी घालून बहुतेक कृष्णवर्णीयांना मतदार यादीतून बाहेर काढलं. पुढे जे काही घडलं त्या सगळ्याची चावी इथे आहे. व्हर्जिनियात शाळा समितीला कर बसवण्याचा अधिकार नव्हता, आजही नाही. शाळा समितीने मागणी करायची आणि पैसे मंजूर करायचे ते बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने, म्हणजे काऊंटीच्या निवडून आलेल्या मंडळाने. मंडळावर सगळे गोरे. शाळा समितीही नेमलेली, तिला मतदारांपुढे जावं लागत नसे. राज्याने १९३२मध्ये माजी गव्हर्नर हॅरी बर्ड यांच्या पुढाकाराने बहुतेक काऊंट्यांचे रस्ते आपल्याकडे घेतले, त्यामुळे गावोगावच्या रस्त्यांचा भार काऊंट्यांवरून उतरला. शाळांचा खर्च मात्र मोठ्या अंशी काऊंटीच्याच गळ्यात राहिला.

कृष्णवर्णीयांसाठी फार्मव्हिलला रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूल १९३९मध्ये बांधलं गेलं. मोटन याच काऊंटीत लहानाचे मोठे झाले आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यानंतर टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या नामांकित शिक्षणसंस्थेचे प्रमुख झाले. इमारत विटांची, एकमजली, १८० मुलांपुरती. १९५०च्या सुमाराला तिथे ४५०हून अधिक मुलं शिकत होती. ना व्यायामशाळा, ना जेवणाची खोली, ना धड प्रयोगशाळा. गर्दीवर उपाय म्हणून काऊंटीने आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोल्या उभ्या केल्या. लांबून पाहणाऱ्याला त्या कोंबड्यांची खुराडी वाटायच्या. आत एक शेगडी. तिच्याजवळ बसलेली पोरं घामाघूम आणि कोपऱ्यातली अंगात कोट घालून कुडकुडणारी. पाऊस आला की छत गळायचं आणि काही मुलं वर्गात छत्री उघडून बसायची. गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेल्या बसगाड्या यांच्या वाट्याला येत. पालकांनी अर्ज केले, शिक्षक-पालक संघाने खेटे घातले. दर वेळी उत्तर एकच, पुढे बघू.

मग मुलांनीच पुढाकार घेतला. बार्बरा जॉन्स ही १६ वर्षांची विद्यार्थिनी. बंडखोर धर्मोपदेशक व्हर्नन जॉन्स यांची ती पुतणी. तिने थोड्या विश्वासातल्या मुलांना हाताशी धरून कित्येक महिने गुपचूप तयारी केली. २३ एप्रिल १९५१ला मुख्याध्यापकांना फोन गेला की तुमची मुलं गावात पोलिसांच्या तावडीत सापडली आहेत. ते धावत बाहेर पडले. इकडे वर्गावर्गात त्यांच्याच नावाने सभेच्या चिठ्ठ्या पोचल्या. सगळे सभागृहात जमले, पडदा सरकला आणि व्यासपीठावर मुख्याध्यापकांच्या जागी बार्बरा उभी. शिक्षकांनी बाहेर जावं अशी विनंती तिने केली आणि मग मुलांना सांगितलं की नवी शाळा मिळेपर्यंत आपण वर्गात बसायचं नाही. सगळी शाळा बाहेर पडली. संप दोन आठवडे टिकला.

एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन मुलांच्या पत्रावरून फार्मव्हिलला आले, ते खरं तर त्यांना परत वर्गात पाठवायला. मुलांचा निर्धार बघून त्यांचं मत फिरलं. त्यांची अट एकच होती : नुसती चांगली वेगळी शाळा मागायची नाही, वेगळेपणालाच आव्हान द्यायचं. फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे धर्मगुरू एल. फ्रान्सिस ग्रिफिन पाठीशी उभे राहिले, पालक तयार झाले आणि २३ मेला दावा दाखल झाला. वादी ११७ विद्यार्थी. यादीत पहिलं नाव नववीतल्या डोरोथी डेव्हिसचं, म्हणून खटल्यालाही तिचंच नाव पडलं. खालच्या कोर्टात १९५२ साली हार झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयात हा खटला इतर चार खटल्यांबरोबर चालला आणि त्या सगळ्यांना मिळून जग आज 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या नावाने ओळखतं. ब्राऊन म्हटलं की कॅन्ससच्या टोपेकाची एक लहान मुलगी आठवते. त्या पाचही खटल्यांमधले बहुसंख्य वादी मात्र या छोट्या काऊंटीतले होते आणि मुलांनी स्वतः सुरू केलेला खटला हा एकच. याची आठवण फार थोड्यांना असते, ते मला खटकतं.

किंमतही लगेच मोजावी लागली. मुख्याध्यापकांची नोकरी गेली. बार्बराला धोका आहे असं वाटून घरच्यांनी तिला अलाबामातल्या मॉंटगोमेरीला काकांकडे पाठवलं. दावा दाखल झाल्यावर काऊंटीने घाईघाईने नवी मोटन शाळा बांधायला घेतली आणि १९५३मध्ये ती उघडलीही. इतकी वर्षं नसलेला पैसा आता सापडला.

१७ मे १९५४ला निकाल लागला : सरकारी शाळांमधली वर्णानुसार विभागणी घटनाबाह्य. वर्षभराने न्यायालयाने अंमलबजावणीसाठी तारीख न देता 'सर्व विचारपूर्वक वेगाने' असे शब्द वापरले आणि दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना हवी ती फट मिळाली. रस्त्यांच्या कायद्यामागचे माजी गव्हर्नर हॅरी बर्ड आता सिनेटर होते. त्यांनी १९५६मध्ये 'मॅसिव्ह रेझिस्टन्स'ची, म्हणजे प्रचंड प्रतिकाराची हाक दिली. राज्याने कायदे केले की न्यायालयाने एकत्र करायला लावलेली शाळा राज्यच बंद करील. त्याप्रमाणे १९५८मध्ये नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरन काऊंटीतल्या काही शाळा बंदही झाल्या. १९ जानेवारी १९५९ला राज्याच्या आणि केंद्राच्या अशा दोन्ही न्यायालयांनी हे कायदे उडवले आणि राज्याला माघार घ्यावी लागली. हजेरीची सक्ती मात्र राज्याने काढून घेतली आणि तो निर्णय स्थानिकांवर सोपवला.

प्रिन्स एडवर्डने माघार घेतली नाही. तयारी आधीपासूनच होती. १९५६ साली ४,०००हून जास्त गोऱ्या रहिवाशांनी सही करून कळवलं होतं की एकत्र शाळांपेक्षा आम्हाला शाळा नसलेल्या चालतील. मंडळ तेव्हापासून शाळांना वर्षाचे पैसे एकदम देत नसे, महिन्यामहिन्याला देई, म्हणजे हवं तेव्हा थांबवता यावेत. मे १९५९मध्ये अपील न्यायालयाने सप्टेंबरपासून एकत्रीकरणाचा हुकूम दिला. जूनमध्ये मंडळाने शाळांसाठी शून्य तरतूद केली. कृष्णवर्णीय मुलांना वेगळं बसवणं आता बेकायदा होतं. पण काऊंटीने शाळा चालवलीच पाहिजे असं राज्याच्या कायद्यात स्पष्ट बंधन कुठे होतं? या एका प्रश्नावर मंडळाने पाच वर्षं काढली.

गोऱ्या मुलांची सोय झाली. त्यांच्यासाठी खासगी प्रतिष्ठान उभं राहिलं. चर्चच्या खोल्या आणि गावातली सभागृहं यांत वर्ग भरले आणि पुढे प्रिन्स एडवर्ड अकादमी या त्यांच्या शाळेची स्वतःची इमारत झाली. पहिलं वर्ष देणग्यांवर निघालं. दुसऱ्या वर्षी राज्याचं शिक्षण अनुदान आलं, काऊंटीने दर मुलामागे आणखी १०० डॉलर दिले आणि देणगी देणाऱ्याला मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळाली. १९६१ साली केंद्रीय न्यायाधीशाने ही अनुदानं अडवली, पण शाळा चालू राहिली.

कृष्णवर्णीय मुलं होती सुमारे १,७००. त्यांच्यासाठीही खासगी शाळा काढून देण्याची तयारी गोऱ्या पुढाऱ्यांनी दाखवली. पालकांनी ती नाकारली, कारण होकार दिला असता तर न्यायालयात जिंकलेलं सगळं सोडून द्यावं लागलं असतं. हा निर्णय किती अवघड असेल! तत्त्वासाठी स्वतः उपाशी राहणं वेगळं आणि पोराची वर्षं पणाला लावणं वेगळं. वरच्या वर्गांतल्या काही मुलांना नॉर्थ कॅरोलिनातल्या किट्रेल कॉलेजने सामावून घेतलं. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटीने काहींना दूरच्या राज्यांत अनोळखी कुटुंबांकडे ठेवलं. कोणी शेजारच्या काऊंटीत नातेवाइकांकडे राहून शिकलं. चर्चच्या तळघरांत स्थानिक बायकांनी केंद्रं चालवली, पण ती शाळा नव्हती आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. उरलेली मुलं तंबाखूच्या शेतावर गेली किंवा घरी बसली. ज्यांचं वय पहिलीचं होतं ती दहा वर्षांची होत आली तरी अक्षर ओळखत नव्हती. थोड्या गरीब गोऱ्या मुलांचंही शिक्षण यात बुडालं.

१९६३च्या उन्हाळ्यात फार्मव्हिलच्या मेन स्ट्रीटवर तरुण निदर्शनाला उतरले आणि पकडले गेले. केनेडी सरकारलाही आता गप्प बसवेना. खासगी देणग्यांतून प्रिन्स एडवर्ड फ्री स्कूल असोसिएशन स्थापन झाली. माजी गव्हर्नर कोल्गेट डार्डन अध्यक्ष, विश्वस्त तीन गोरे आणि तीन कृष्णवर्णीय. न्यू यॉर्कजवळच्या लॉंग आयलंडवरून नील सुलिव्हन अधीक्षक म्हणून आले. सप्टेंबरात सुमारे १,५०० मुलं आली, त्यांत गोरी अवघी चार. वयाप्रमाणे इयत्ता लावण्यात अर्थच नव्हता, म्हणून कोणाला काय येतं ते बघून गट पाडले.

२५ मे १९६४ला 'ग्रिफिन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. धर्मगुरू ग्रिफिन यांच्या मुलांच्या नावाने तो चालला होता. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं की 'विचारपूर्वक वेगा'ची मुदत आता संपली आहे. सरकारी शाळा बंद ठेवून खासगी गोऱ्या शाळांना पैसा पुरवणं हा राज्यघटनेने दिलेल्या कायद्याच्या समान संरक्षणाचा भंग आहे आणि गरज पडली तर कनिष्ठ न्यायालय मंडळाला कर बसवायलाही लावू शकेल. हे शेवटचं वाक्य अगदी मर्मावर होतं. त्या सप्टेंबरात सरकारी शाळा उघडल्या. त्याआधी ऑगस्टमध्ये मंडळाने रातोरात गोऱ्या पालकांना अनुदानाचे धनादेश वाटले होते. पुढे तो न्यायालयाचा अवमान ठरला.

उघडलेल्या शाळांत बरीच वर्षं जवळजवळ फक्त कृष्णवर्णीय मुलं होती. गोरे अकादमीतच राहिले. तिने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला तो १९८६मध्ये. १९९३मध्ये मोठी देणगी देणाऱ्या उद्योगपतीच्या नावावरून ती फुक्वा स्कूल झाली. जुनी मोटन शाळा २००१पासून संग्रहालय आहे. २००४ साली व्हर्जिनियाने शाळाबंदीची झळ बसलेल्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. पन्नाशी-साठीतली माणसं तिच्या आधारे राहिलेलं शिक्षण पुरं करायला आली. बार्बरा जॉन्स तोवर हयात नव्हती. फिलाडेल्फियात शाळेची ग्रंथपाल म्हणून काम करून ती १९९१मध्ये वारली. २०२०च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या संसद भवनातून रॉबर्ट ली यांचा व्हर्जिनियाच्या वाट्याचा पुतळा हलवला गेला, तेव्हा त्या जागेसाठी राज्याच्या आयोगाने तिची निवड केली.

खरा बदल मात्र कायद्यात झाला. १९७१ साली लागू झालेल्या राज्यघटनेने शालेय वयाच्या सर्व मुलांसाठी मोफत सरकारी शाळांची व्यवस्था करणं हे विधिमंडळाचं कर्तव्य ठरवलं, आणि शाळांच्या किमान दर्जासाठी लागणारा आपला वाटा उचलणं स्थानिक मंडळांवर बंधनकारक झालं. १९९२पासून मतदारांनी कौल दिला तर शाळा समितीही निवडणुकीने येऊ शकते. समितीने आकडा मांडायचा आणि पैसे मंडळाने मंजूर करायचे, ही पद्धत आजही तीच आहे. पण तो आकडा शून्यावर आणण्याची मुभा आता कोणत्याच मंडळाला नाही.