पिअरिंग आणि ट्रान्झिट

इंटरनेट म्हणजे काही एकच मोठं नेटवर्क नाही, हजारो स्वतंत्र नेटवर्क्स एकमेकांना जोडलेली आहेत आणि या जोडणीचे पैसे कोण कोणाला देतं त्यावरून ट्रान्झिट आणि पिअरिंग हे दोन प्रकार पडतात.

ट्रान्झिट म्हणजे सरळ विकत घेतलेली सेवा, छोटं नेटवर्क मोठ्याला पैसे देतं आणि मोठं त्याचा डेटा जगात कुठेही पोचवतं. बिल सहसा एकूण किती जीबी गेले यावर नसतं. दर ५ मिनिटांनी ट्रॅफिक मोजतात, महिन्याचे सगळे आकडे उतरत्या क्रमाने लावून वरचे ५ टक्के सोडून देतात आणि मग जो सगळ्यात मोठा आकडा उरतो त्यावर बिल लागतं, म्हणजे ३० दिवसांत जवळपास ३६ तास लाइन कितीही भरली तरी माफ, पण रोज संध्याकाळी दोन तास गर्दी झाली की ती बिलात येतेच. खर्च खरा गर्दीच्या वेळेचाच असतो, रात्री लाइन रिकामीच पडलेली असते.

पिअरिंगमध्ये दोन नेटवर्क्स फक्त आपापल्या ग्राहकांचा डेटा एकमेकांना देतात, बहुतेक वेळा पैसे न घेता. त्यासाठी अ‍ॅमस्टरडॅमचं एएमएस-आयएक्स किंवा फ्रँकफर्टचं डीई-सीआयएक्स अशी एक्स्चेंज, म्हणजे अनेक नेटवर्क्स एकत्र येऊन जोडली जातात अशी ठिकाणं आहेत. पोर्टचं भाडं, राउटर, तिथपर्यंतची फायबर हा खर्च असतोच, त्यामुळे ट्रॅफिक कमी असेल तर ट्रान्झिटच स्वस्त पडतं.

भांडण होतं ते डेटा एकाच बाजूने जास्त आला की. २०१४ मध्ये नेटफ्लिक्सला थेट जोडणीसाठी कॉमकास्ट या अमेरिकेतल्या इंटरनेट कंपनीला पैसे द्यावे लागले. 'तुम्ही जास्त पाठवता म्हणून तुम्ही द्या' हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण तो व्हिडिओ ग्राहकानेच मागवलेला असतो आणि ग्राहक कनेक्शनचे पैसे आधीच भरतोय. पण त्या ग्राहकापर्यंत जायला दुसरा रस्ताच नसतो, त्यामुळे ताकद इंटरनेट कंपनीच्या हातात राहते.

यावरचा उपाय सीडीएन, म्हणजे फाइल्सच्या प्रती ग्राहकांच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवणारं नेटवर्क. १९९८ मध्ये स्थापन झालेली अकामाई ही कंपनी हेच करते, आणि नेटफ्लिक्स तर स्वतःचे, प्रती साठवणारे कॅश सर्व्हर इंटरनेट कंपन्यांना फुकट देतं, ते कमी गर्दीच्या वेळी भरून ठेवतात, मग एकदाच लांबून आणलेली फाइल हजारो लोकांना जवळूनच मिळते.

दक्षिण कोरियात मात्र २०१६ पासून डेटा पाठवणाऱ्या इंटरनेट कंपनीने दुसरीला पैसे द्यायचा नियम आला, तो भार पुढे कंटेंटवाल्यांवर गेला आणि नेटवर्क फी इतर बहुतेक देशांच्या १० पट आहे असं सांगत ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथली सेवा बंद केली.