माइकच्या पाठीमागची जागा

मंडपात कुणी माइक हातात घेऊन "हॅलो, हॅलो" म्हणतं आणि पाठोपाठ कानठळ्या बसवणारी शिट्टी येते. माइकने उचललेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, तोच परत माइकमध्ये शिरतो, आणखी मोठा होऊन बाहेर येतो, आणि क्षणात एकच सूर किंचाळू लागतो. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून याला 'लार्सन इफेक्ट' म्हणतात. साउंडवाल्यांच्या तोंडी मात्र शब्द एकच, फीडबॅक.

या शिट्टीवरचा खरा उतारा मॉनिटरच्या, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरच्या, आधी आला, ही या इतिहासातली गंमत. १९३९ साली शुअर कंपनीच्या बेंजामिन बाउअर यांनी युनिडाइन ५५ हा माइक घडवला. एकाच कॅप्सूलमध्ये, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागात, त्यांनी अशी रचना केली की मागून येणारा आवाज आतल्या आत कटून जावा. समोरचं ऐकणारा आणि पाठीमागे जवळजवळ बहिरा असा हा कार्डिऑइड माइक. त्या बहिऱ्या बाजूला स्पीकर ठेवावा, हे सुचायला पुढे वीसेक वर्षं गेली.

कारण तोवर गायकाला स्वतःचा आवाज ऐकवायचा असतो, हेच कुणी फारसं मनावर घेत नव्हतं. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांहून अधिक लोकांसमोर बीटल्स गायले, तेव्हा त्यांच्या पायाशी मॉनिटर नव्हते. त्या किंकाळ्यांत स्वतःचं गाणं ऐकू येणं अशक्यच. खरं तर मॉनिटरचा पहिला प्रयोग त्याआधी झाला होता. १९६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ज्युडी गारलंड यांच्या कार्यक्रमात मक्यून कंपनीने मंचाच्या कडेचे स्पीकर गायिकेकडे वळवले, आणि पहिलेपणाचा मान सहसा त्यालाच मिळतो. कडेचे हे खोके पुढे तिरप्या पाठीचे होऊन गायकाच्या पायाशी आले. त्यांना वेज म्हणतात.

आता जागेचा हिशेब. कार्डिऑइड माइक नेमका पाठीमागे, म्हणजे १८० अंशांवर, सगळ्यात बहिरा. म्हणून वेज गायकाच्या थेट समोर, आणि माइकची शेपटी वेजच्या तोंडाकडे. सुपरकार्डिऑइड या दुसऱ्या प्रकारच्या माइकचं वेगळं. तो साधारण १२६ अंशांवर बहिरा असतो आणि नेमका पाठीमागे थोडं ऐकतो. त्यामुळे एक वेज समोर ठेवण्यापेक्षा दोन वेज डावी-उजवीकडे, शेपटीच्या रेषेपासून पन्नासेक अंश सरकवून ठेवणं बरं. माइक बदलला आणि खोके होते तिथेच राहिले, की कालपर्यंत गप्प असलेला मंच आज शिट्ट्या मारतो. दोष मग मिक्सरला दिला जातो.

गायकांचीही एक खोड आहे. शिट्टी आली की माइकच्या जाळीवर तळहात दाबायचा. पण मागून आवाज आत घेणारी भोकं जाळीच्या आतच असतात. ती झाकली की बहिरेपण संपतं आणि शिट्टी वाढते.

ग्रेटफुल डेड या बँडने १९७४ मध्ये उलटाच मार्ग घेतला. मुख्य स्पीकरांची अख्खी भिंत त्यांनी स्वतःच्या पाठीमागे उभी केली. प्रत्येक गायकाला दोन माइक, उलट्या ध्रुवतेने जोडलेले, म्हणजे दोन्हींत सारखा शिरलेला आवाज एकमेकांतून वजा व्हावा असे. गायचं फक्त एकात. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरायचा आणि बराचसा कटायचा. कल्पना अफाट, पण गळ्याचा आवाज पातळ व्हायचा आणि ते अजस्र सामान हलवणं खिशाला परवडेना. त्याच वर्षी ती भिंत उतरली. पुढे कानात घालायचे मॉनिटर आले आणि मोठ्या बँडपुरता प्रश्न बराचसा मिटला.

आपल्या मैफलीत तो मिटलेला नाही. गायक बैठकीवर, वेज हातभर अंतरावर, तबल्याचे दोन माइक, हार्मोनियमचा एक, शिवाय तानपुऱ्यांचे. चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी आवाजात करता येणारी वाढ सुमारे ३ डेसिबलने घटते. आणि गायकाची पहिली मागणी ठरलेली: "तानपुरा जरा वाढवा." तानपुऱ्याचा आवाज मुळातच नाजूक, म्हणून त्याचा माइक सगळ्यात जास्त उघडलेला, आणि शिट्टीही बहुतेकदा तिथूनच निघते. अशा वेळी जुना साउंडवाला मिक्सरला हात लावत नाही. वाकत वाकत मंचावर जातो आणि वेज वीतभर फिरवून येतो.