क्विन्सी मार्केट

अमेरिकेतील बॉस्टन शहराची बंदराजवळची जुनी मंडई. स्थानिक लोक नावाचा उच्चार ‘क्विन्झी’ असा करतात. शेजारच्या फॅन्युइल हॉलमधला (१७४२) बाजार अपुरा पडू लागला, तेव्हा महापौर जोसाया क्विन्सी यांनी लगतच्या गोदीत भराव घालून जमीन तयार करवली. तिच्यावर वास्तुविशारद अलेक्झांडर पॅरिस यांच्या आराखड्यानुसार मधोमध घुमट असलेली ग्रॅनाइटची लांबलचक इमारत उभी राहिली आणि १८२६ मध्ये मांस, लोणी, भाजीपाल्याचे गाळे सुरू झाले. दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगा होत्या.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या वास्तूंना अवकळा आली. १९५० च्या दशकातील उन्नत महामार्गाने मंडईची बंदराशी ताटातूट केली, घाऊक व्यापारी दुसरीकडे गेले आणि सगळे पाडून टाकण्याची भाषा सुरू झाली. वास्तुविशारद बेंजामिन टॉम्पसन यांनी मात्र वेगळा विचार मांडला : इमारती ठेवाव्यात, मधल्या रस्त्यांवरची वाहने बंद करावीत, आणि खाणे, खरेदी, रेंगाळणे या साध्या गोष्टींसाठी ती जागा माणसांना द्यावी. बांधकाम विकासक जेम्स राऊस यांच्या कंपनीने शहराकडून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने जागा घेतली. शहराच्या मध्यभागी अशा व्यवसायाला गिऱ्हाईक मिळेल यावर बँकांचा विश्वास नव्हता आणि गाळ्यांना पुरेसे भाडेकरूही मिळेनात. तेव्हा लहान कारागिरांना हातगाड्या भाड्याने देण्यात आल्या. नाइलाजाने केलेली ही सोयच पुढे या जागेची ओळख ठरली. मूळ मंडईला १५० वर्षे पूर्ण होत असताना, २६ ऑगस्ट १९७६ रोजी, ती नव्या रूपात उघडली आणि पहिल्याच दिवशी गर्दी लोटली.

राऊस यांनी हाच नमुना पुढे बाल्टिमोरच्या हार्बरप्लेसमध्ये (१९८०) आणि न्यूयॉर्कच्या साउथ स्ट्रीट सीपोर्टमध्ये वापरला. बॉस्टनइतके यश तिथे टिकले नाही. जुन्या दगडी वास्तू आणि पायी येण्याजोगे दाट शहर सगळीकडे मिळत नाही. बॉस्टनमध्येही किंमत मोजावी लागलीच. देशभर शाखा असलेली दुकाने वाढली, पर्यटकांची गर्दी झाली आणि रोजच्या बाजारहाटासाठी येणारा बॉस्टनकर कमी झाला. वास्तू वाचवणे आणि तिच्यातली मंडई वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. इथे पहिले उत्तम साधले.

महामार्ग भुयारात गेल्यावर मंडई आणि बंदर यांच्यामध्ये आता बागांचा पट्टा आहे. स्वस्त फळे-भाजी घ्यायची तर लोक शुक्रवारी-शनिवारी जवळच्या हेमार्केटच्या उघड्या बाजारात जातात.