पार्श्वभूमी : डॉक्टरची चूक, रुग्णाची भरपाई आणि सत्तर वर्षांचा हिशेब

सोलापुरात एखाद्या दवाखान्यात विपरीत घडलं की जमलेल्या गर्दीतून पहिला प्रश्न येतो, 'डॉक्टरवर केस होते का?' पैशाचं नाव कुणी काढत नाही. तेरावं झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर घरातलं एखादं शिकलेलं पोरगं वकिलाकडे जातं आणि आवाज खाली करून विचारतं, 'साहेब, काही मिळंल का?' गेलेल्या माणसाचे पैसे करायचे, ही गोष्टच मनाला टोचते. कायद्याच्या लेखी मात्र हे दोन वेगळे रस्ते आहेत. एक शिक्षेकडे जातो, दुसरा भरपाईकडे. गेल्या सत्तर वर्षांत पहिला अरुंद होत गेला आणि दुसरा रुंद.

आपल्याकडे जुनी परंपरा होती ती शिक्षेची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जिवावर बेतेल असा उपचार आधी कळवल्याशिवाय केला आणि रोगी दगावला तर वैद्याला खालच्या प्रतीचा दंड सांगितला आहे. उपचारातच चूक झाली असेल तर मधल्या प्रतीचा. मनुस्मृतीत जनावरांच्या वैद्याला कमी आणि माणसांच्या वैद्याला जास्त दंड आहे. पण दंड तो दंडच, पैसा राजाचा. इंग्रजांनी १८५५ मध्ये फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट आणला, तेव्हा दुसऱ्याच्या चुकीने माणूस गेला तर त्याच्या नवऱ्याला, बायकोला, आईवडिलांना आणि मुलांना पैसे मागता येऊ लागले. कायदा होता, पण डॉक्टरांविरुद्ध तो वापरायला जाणारे विरळाच.

जे कोर्टात गेले, त्यांच्यातला एक खटला आपल्या महाराष्ट्रातला आहे. ६ मे १९५३ ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर विशीतल्या एका मुलाला अपघात झाला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. लाकडी फळ्या बांधून, टॅक्सीत घालून त्याला पुण्याला आणलं. तिथल्या दवाखान्यात पूर्ण भूल न देता हाड ओढून बसवलं गेलं आणि १३ मे रोजी तो वारला. मृत्यू चरबीची गाठ रक्तात गेल्याने झाला, असं डॉक्टरांचं म्हणणं. भूल न देता जोर लावल्याने बसलेल्या धक्क्याने झाला, असं न्यायालयांचं. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने पाठ करतात. रोग्याला हात लावायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करायचा ते ठरवताना आणि तो प्रत्यक्ष करताना, अशा तिन्ही वेळी डॉक्टरने काळजी घ्यायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये त्यातच सांगितलं. आजही तेच वाक्य निकालांमध्ये फिरतं. भरपाई किती? तीन हजार रुपये. पंधरा वर्षांनी.

तेव्हाचे तीन हजार आजच्यासारखे नव्हते, हे खरं. पण विशीतल्या मुलाच्या जाण्यात नेमकं काय काय गेलं, हे मोजायची रीतच तेव्हा रुळलेली नव्हती. एक आकडा ठरवायचा आणि पुढे जायचं.

दुसरा खटला औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यातला, १९६३ चा. योगायोग असा की सोलापूरचं वैद्यकीय महाविद्यालय, आजचं डॉ. वैशंपायन स्मृती महाविद्यालय, त्याच वर्षी सुरू झालं. बाळंतपणानंतर नसबंदी केलेल्या एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला. पुन्हा पोट उघडावं लागलं, पण ती वाचली नाही. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो पुन्हा उभा केला. तेहतीस वर्षं. दवाखाना चालवणं हे काही सरकारचं सार्वभौम, म्हणजे फक्त राज्यसत्तेलाच करता येणारं, काम नव्हे, म्हणून नोकराच्या चुकीचे पैसे सरकारनेच भरायचे, हा त्यातला मोठा मुद्दा. टॉवेल नेमका कुणी विसरला, हे घरच्यांनी सिद्ध करत बसायची गरज नाही. पोटात टॉवेल निघाला, एवढा पुरावा बोलका आहे.

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, अक्कलकोट, मंगळवेढ्यापासून थेट कर्नाटकापर्यंतचे लोक येतात, त्यांच्यासाठी हा निकाल आजही कामाचा आहे. कारण ग्राहक संरक्षण कायद्याचं (आधी १९८६ चा, आता २०१९ चा) दार त्यांच्यासाठी बहुतेक वेळा बंदच असतं. १३ नोव्हेंबर १९९५ ला इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पण एक रेष मारली. जिथे सगळ्यांना सगळं फुकट आहे, तिथला रुग्ण ग्राहक नाही. केसपेपर काढायला दिलेले चार पैसे म्हणजे मोबदला नव्हे. जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना फुकट तपासतात, तिथले फुकटवालेही ग्राहकच. आणि बिल रुग्णाऐवजी विमा कंपनीने किंवा मालकाने भरलं, तरी ती सेवा फुकट ठरत नाही.

ही शेवटची ओळ सोलापूरला फार लागू पडते. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. तीच पुढे महात्मा फुले योजना झाली. त्या कार्डावर खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालेले लोक म्हणतात, 'आपण कुठं पैसे दिले, तक्रार कशाच्या जोरावर करायची?' तुम्ही दिले नसतील, तुमच्यासाठी कुणीतरी दिलेच की. कामगार विम्याचंही तसंच. पगारातून वर्गणी कापली जाते, म्हणून ईएसआयच्या दवाखान्यातला विमाधारक कामगारसुद्धा ग्राहक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं. सूतगिरणी, टॉवेलचे कारखाने यांत उभं आयुष्य गेलेल्या घरांत हे पोचलेलं नाही, असा माझा अनुभव आहे.

सिव्हिलच्या रुग्णाला मग दिवाणी दावा उरतो किंवा उच्च न्यायालयात रिट, म्हणजे हक्क मोडला म्हणून सरकारविरुद्ध थेट अर्ज. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत पाठवलं, तेव्हा जगण्याच्या हक्काचा भंग झाला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याला २५,००० रुपये देवविले. रिटसाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्याच हद्दीत येतो.

ग्राहक कायद्यानंतर खरा बदल झाला तो मोजण्यात. १९९८ मध्ये दिल्लीच्या एका खटल्यात लहान मुलाला भलतंच इंजेक्शन दिलं गेलं आणि मेंदू कायमचा निकामी झाला. मुलाला साडेबारा लाख मिळालेच, पण आईबापांच्या मनस्तापाचे वेगळे पाच लाख धरले गेले. पैसे भरून मुलाला आणणारे तेही ग्राहकच. २००८ च्या एका निकालात तर ऑपरेशन नीट झालं की नाही हा मुद्दा बाजूलाच राहिला. तपासणीपुरती संमती असताना डॉक्टरांनी गर्भाशयच काढलं, म्हणून २५,००० रुपये द्यायला लावले आणि ऑपरेशनची फीसुद्धा नाकारली. रक्कम छोटी आहे, पण न विचारणं हेच नुकसान, असं त्यात मोजलं गेलं.

मग २००९. हैदराबादला १९९० मध्ये छातीतल्या गाठीच्या ऑपरेशननंतर एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी कमरेखाली लुळा पडला. सर्वोच्च न्यायालयात व्हीलचेअरवर बसून त्याने स्वतःची बाजू स्वतः मांडली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दिलेले साडेपंधरा लाख एक कोटीवर गेले, वर व्याज. त्या निकालात पुढच्या तीस वर्षांची शुश्रूषा आहे, फिजिओथेरपी आहे, गाडी चालवायला लागणारा माणूस आहे, बुडालेली कमाई आहे आणि सोसलेल्या वेदनेची वेगळी ओळ आहे. पालशेतच्या तीन हजारांशेजारी हा निकाल ठेवला की चाळीस वर्षांत काय घडलं ते दिसतं. २०१५ मध्ये तमिळनाडूतल्या सरकारी दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांची तपासणी वेळेत न झाल्याने दृष्टी गेली, तेव्हा महागाई धरून पुढचा खर्च काढला गेला आणि एकूण रक्कम सुमारे एक कोटी ऐंशी लाखांवर गेली.

सर्वांत गाजलेला आकडा २०१३ चा, कोलकात्यातल्या उपचारांबद्दलचा : ६ कोटी ८ लाख रुपये, अधिक व्याज. पेपरात तेवढंच छापून येतं. त्याची फोड मला जास्त बोलकी वाटते. त्यातले ५ कोटी ७२ लाख गेलेल्या बाईंच्या बुडालेल्या कमाईचे, आणि कमाई धरली ती अमेरिकेतली. वेदना आणि यातनांचे दहा लाख. आणि पतीने गमावलेल्या सहवासाचे? एक लाख.

म्हणजे भरपाईचं मोठं गाठोडं बांधलं जातं ते पगाराच्या दोरीने. आता सोलापूरच्या पूर्व भागातली विडी वळणारी अडतीस वर्षांची बाई डोळ्यांसमोर आणा. मांडीवर सूप, कात्रीने कापलेली पानं, हजारावर ठरलेली मजुरी. धुणंभांडी, स्वयंपाक, सासूचं करणं याची पावती कुठेच नाही. समजा महिन्याचे सहा हजार दाखवता आले. वर्षाचे बहात्तर हजार. घरात खाणारी पाच तोंडं असतील तर तिच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले ५४,०००. वाहन अपघाताच्या खटल्यांत वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ज्या आकड्याने गुणतात, तो गुणक त्या वयाला पंधरा : ८ लाख १० हजार. पुढे कमाई वाढली असती याचे काही टक्के त्यात मिळवले जातात, आणि ग्राहक आयोगाला गुणक लावलाच पाहिजे असंही नाही. तरी अंदाज येतो. विडी कामगाराचं ओळखपत्र, फंडाची पावती, बँकेचं पासबुक यांतलं काहीच नसेल तर सहा हजारसुद्धा हवेत राहतात. गृहिणीच्या कामाला किंमत आहे, हे न्यायालयाने २००१ मध्ये महिन्याला तीन हजार धरून मान्य केलं. पायाखाली तेवढी तरी पायरी आहे.

नसबंदीचं प्रकरण वेगळंच. ऑपरेशन होऊनही मूल झालं म्हणून हरियाणातल्या एका मजूर बाईला त्या मुलीच्या संगोपनासाठी ५४,००० रुपये मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ते कायम ठेवले. पाचच वर्षांनी त्याच न्यायालयाने सांगितलं, की नसबंदी फसली म्हणजे डॉक्टर चुकला असं नव्हे, चूक दाखवावी लागेल. त्याच २००५ साली केंद्राने चूक कुणाची हे न विचारता ठरावीक रक्कम देणारी योजना आणली. डिस्चार्जनंतर सात दिवसांत मृत्यू झाला तर पुढे त्यात दोन लाख ठरले.

शिक्षेचा रस्ता याच काळात आखडला. सर्वोच्च न्यायालयाच्या ५ ऑगस्ट २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी ढोबळ, डोळ्यांत भरणारा निष्काळजीपणा लागतो आणि आधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यूला एरवी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण वैद्यकीय उपचारात नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंतच. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल समज देऊ शकते, नोंदणीतून नाव काढू शकते, रुपया देऊ शकत नाही. दवाखान्याच्या काचा फोडणाऱ्यांसाठी मात्र २०१० चा राज्याचा कायदा तयार आहे : तीन वर्षांपर्यंत कैद आणि झालेल्या नुकसानीच्या दुप्पट भरपाई. भरपाई मागायला आलेले लोक भरपाई देऊन जातात.

डॉक्टरांची बाजूही पोकळ नाही. ग्राहक कायद्याने बचावात्मक वैद्यकी वाढली, चार तपासण्या जास्त लिहिल्या जाऊ लागल्या, ही तक्रार जुनी आहे. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याच्या विधेयकातला 'आरोग्यसेवा' हा शब्द अंतिम मसुद्यातून गळला, तेव्हा डॉक्टर सुटले असं अनेकांना वाटलं. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तो समज मोडीत काढला. २०२४ मध्ये वकिलांना ग्राहक कायद्यातून वगळताना शांता निकालाचा फेरविचार व्हावा असं एका पीठाने सुचवलं; नोव्हेंबरात मोठ्या पीठाने त्याची गरज नाही म्हटलं.

नव्या कायद्यात सोलापूरकरांच्या सोयीचं एक कलम आहे. ऑपरेशन पुण्यात झालं असो की मुंबईत, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. आणि कोणत्या आयोगात जायचं हे मागितलेल्या भरपाईवर नाही, तर दिलेल्या बिलावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. बिल पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फीच नाही, मग मागणी कोटीची का असेना.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची. केसपेपर मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत असा २००२ पासून नियम आहे आणि ते तीन वर्षं सांभाळायचे असतात. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ मध्येच दवाखान्यांना ते नाकारता येणार नाहीत असं म्हटलं होतं. आयोगाच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या मांडीवर मेडिकल दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी असते, त्यात हे सगळं कोंबलेलं : डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, आणि मेडिकलची बिलं. ही बिलं मशीनच्या गुळगुळीत कागदावर निघतात. सोलापूरच्या एका उन्हाळ्यात शाई पुसट होते, दुसऱ्यात कागद कोरा. झेरॉक्स पहिल्याच आठवड्यात काढलेली बरी.